ब्लॅकबुकवाल्या पोरा, तुझे साठ रुपये राहिलेत

नाव टाकायचं नाही असं तूच बजावून गेलायस म्हणून टाकत नाही, पण मे महिन्यात माझ्या कराडच्या दुकानात चार ब्लॅकबुकं (कॉलेजच्या प्रोजेक्टचे काळ्या कव्हरचे रिपोर्ट) बाइंडिंगला टाकून पुढे चार तास बसून राहिलेला पोरगा एकच आहे, त्यामुळे वाचलंस तर तुझं तुला कळेल.

त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते हे तुला दिसलं असणार. लग्नसराई, सात पत्रिका पेंडिंग, आणि लॅपटॉप असा गार पडलेला की फोल्डर उघडायला क्लिक करायचं आणि जाऊन चहा ठेवून यायचा. २०१५ चा लॅपटॉप, चार जीबी रॅम. रिपेअरवाला म्हणाला ताई हा भंगारात द्या, नवीन घ्या, पस्तीस हजारात बसेल. त्यात स्क्रीनवर रोज एक चौकोन यायचा की सिस्टीमचं नवीन व्हर्जन या मशीनवर चालणार नाही. चालणार नाही तर नाही, रोज कशाला सांगायचं? आणि खरं सांगायचं तर आतलं अर्धं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडलेलं, होतं, त्याच्याबरोबर काय काय घरात शिरलं होतं देव जाणे. आमच्या लाइनीत हे सगळेच करतात, कुणी बोलत नाही एवढंच.

तू काय केलंस, तर बॅगेतून पेनड्राइव्ह काढलास. मी म्हटलं झालं, अजून एक क्रॅक! तर म्हणालास काकू, हे क्रॅक नाही, हे असंच आहे, सगळ्यांना वाटायलाच ठेवलंय. लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवलंस, माझ्या डिस्कला हातही न लावता, आणि मग म्हणालास आवडलं तर डेस्कटॉपवरचं ते इन्स्टॉलचं आयकॉन दाबायचं, नाही तर पेनड्राइव्ह काढला की जुनं होतं तसं परत. मला हे फार पटलं बघ. साडी अंगावर लावून बघू देणाऱ्या दुकानात आपण जरा जास्त विश्वासाने बसतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी सोळाशे रुपयांची एसएसडी, म्हणजे जुनीपेक्षा वेगवान डिस्क, आणलीस, तिचं बिल माझ्या हातात दिलंस, आणि पुढचं सगळं मला करायला लावलंस. याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. आजवर जो जो कॉम्प्युटर दुरुस्त करायला आला तो खुर्चीत बसला आणि मी मागे उभी राहिले, आणि तो गेल्यावर मला पहिल्याइतकंच कळत होतं. तू मला खुर्चीत बसवलंस आणि स्वतः स्टुलावर बसलास. सुडो ॲप्ट अपडेट ही कमांड मी एका बोटाने शोधत शोधत टाईप केली, मराठी मी मिनिटाला चाळीस शब्द टायपते आणि इथे माझा हात थरथरत होता, एक स्पेस राहिली तर ते काहीतरी बोललं आणि मी हात मागे घेतला. तू म्हणालास, काकू ते ओरडत नाहीये, काय चुकलं ते सांगतंय, वाचा. वाचलं. खरंच सांगत होतं.

आणि तुझी बडबड! लिनक्स म्हणे हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ ला हौस म्हणून सुरू केलं आणि आता जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी मी पंधरा वर्षं वापरतेय, त्याच्या आयकॉनवरचा तो केशरी शंकू पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून आला हे मला तू सांगितलंस. मिंटच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव देतात हेही. तू टाकलंस ती झिया, सप्टेंबरात झारा आली, ती मी एकटीने चढवली, दुकान बंद करून, देवापुढे दिवा लावून. हसू नकोस.

फुकट आणि मुक्त यातला फरक तू मला अर्धा तास समजावत होतास, इंग्रजीत दोन्हीला "फ्री" हा एकच शब्द म्हणून लोकांचा घोळ होतो वगैरे. अरे आपल्याकडे दोन शब्द आहेतच की. देवळातला प्रसाद फुकट, पण प्रसादाची कृती पण हातात दिली आणि म्हणाले घरी करा, गूळ कमीजास्त करा, शेजारी वाटा, तर ते मुक्त. एवढंच आहे ना? एवढ्याला अर्धा तास?

फॉन्टचं मात्र मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही वर्षानुवर्षं जे फॉन्ट वापरले त्यात स्क्रीनवर "श्री" दिसतं पण आत इंग्रजी चिन्हं असतात, म्हणून तोच मजकूर गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवला की नुसता कचरा. प्रूफ पाठवायचं म्हणजे फोटो काढून पाठवायचा. तू "मुक्त" नावाचा फॉन्ट टाकून दिलास, नाव पण मुक्त आणि फॉन्ट पण मुक्त, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेला, बारीक ते जाड अशा सात वजनांत, छापायला पूर्ण मोकळा. जोडाक्षरं इतकी सुरेख की मी "स्नेहांकित" एकदा उगाचच मोठं करून बघितलं. आता मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर मराठीच दिसेल असा, जातो, नवरीकडचे मोबाईलवरच मामाचं नाव दुरुस्त करून परत पाठवतात.

सगळंच गोड झालं असं नाही हं. डिझाइनच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरच्या फाईली मिंटवरच्या इंकस्केपमध्ये उघडल्या तर गणपती एकीकडे आणि मजकूर तिसरीकडे, त्यामुळे दुकानातला जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर नेट काढून कोपऱ्यात ठेवलाय, जुन्या गिऱ्हाइकांपुरता. प्रिंटर चालला पण त्याचा स्कॅनर दोन दिवस रुसला होता, तुला रात्री अकराला फोन केला होता ना मी, त्याबद्दल वेगळं सॉरी.

आता गेमचं. माझी नववीतली लेक तेव्हा मोबाईलवर ते नाण्यांचे गेम खेळायची, दर दोन मिनिटाला जाहिरात आणि दर पाच मिनिटाला "पैसे भरा". तू तिला तुझ्या लॅपटॉपवर "राजी" नावाचा गेम दाखवलास, पुण्यातल्या नॉडिंग हेड्सच्या छोट्या टीमने केलेला, २०२० चा. बहीण त्रिशूळ घेऊन भावाला राक्षसाकडून सोडवायला जाते, म्हणजे राखी एकदम उलटी. लेक दोन दिवस मला विचारत होती की गेम पुण्यात पण बनतात?

तो आमच्या लॅपटॉपला झेपला नसता म्हणून तू स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम सुचवलास, पाचशेच्या आत, एकदाच पैसे, नंतर काही मागत नाही. अमेरिकेतल्या एकाच माणसाने चार वर्षं बसून सगळं स्वतः केलं, चित्रं, गाणी, कोड, आणि २०१६ ला विकायला काढल्यावरही नवनवीन भाग फुकट देतोय. घेतला लेकीसाठी, खेळते कोण? मी. सासरी ऊस आहे, आडसाली लावला की दीड वर्ष वाट बघायची, आणि इथे पंधरा पार्सनिप (गाजरासारखं पांढरं कंद) पेरले की चार दिवसांत काढणी! नवरा म्हणाला एवढ्या लवकर आलं तर कारखान्यावर नेईपर्यंत सडेल. रात्री गेममध्ये झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, म्हणून "एवढी ज्वारी आवरते" म्हणतात तसं "एवढा दिवस संपवते" करत साडेअकरा वाजतात. गेममधल्या गावात एक मोठी जोजा नावाची कंपनी आहे, तिथलेच पाच हजार देऊन मेंबर झालं की सगळं सोपं, पण मग गावाचं समाजमंदिर गोडाऊन होतं. मी नाही झाले मेंबर. एकेक भाजी, एकेक मासा नेऊन समाजमंदिराच्या खोल्या भरतेय.

पैसे विचारले तर तू म्हणालास, मला नको, कुठे चूक दिसली तर कळवा, तेच द्या. तर ऐक. एका प्रोग्रॅमच्या मराठी मेनूत "मूद्रण" लिहिलेलं होतं. दीर्घ मू! बावीस वर्षं छपाईत काढलेल्या बाईला रोज सकाळी हे बघायचं म्हणजे काय ते मलाच माहीत. तू दिलेल्या वेबलेटच्या, म्हणजे प्रोग्रॅमची भाषांतरं दुरुस्त करायच्या साईटच्या, लिंकवर गेले, खातं काढलं, मुद्रण असं दुरुस्त करून पाठवलं, आणि विसरले. तीन आठवड्यांनी ते मान्य झाल्याची मेल आली. मागच्या महिन्यात अपडेट घेतला, मेनू उघडला, तर ऱ्हस्व. गिऱ्हाईक उभं होतं समोर, त्याला मी मेनू दाखवला, त्याला काय कळणार, तो म्हणाला काकू माझ्या आधारच्या झेरॉक्स. आतापर्यंत एकेचाळीस दुरुस्त्या पाठवल्यात, बरं का. "तूम्हाला" वाले तर मी सोडतच नाही.

बाइंडिंगचे तू पाचशे दिले होतेस, झाले चारशे चाळीस, सुट्टे नव्हते म्हणून साठ राहिले. ड्रॉवरमध्ये पाकिटात ठेवलेत. दिवाळीला गावी आलास तेव्हा दुकान बंद होतं म्हणे, आता येशील तेव्हा आधी फोन कर. आणि येताना एक सांग, गेममध्ये हिवाळा लागलाय, रानात जवळजवळ काहीच उगवत नाही, सगळी माणसं या दिवसांत करतात तरी काय?

तुझी,
झेरॉक्सवाली काकू