एस्प्रेसो आणि फिल्टर, दोन्हींसाठी ग्राइंडर निवडताना

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
१४ जुलै

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलुंडच्या नव्या घरी एस्प्रेसो मशीन येऊन महिना झाला, तरी कॉफीचा कप कधी आंबट तर कधी कडू उतरतो, हे वाचून वाईट वाटले. मात्र यात दोष मशीनचा नसावा, दळणाचा असावा. दुकानातून दळून आणलेल्या पुडीवर एस्प्रेसो साधणे फार कठीण असते. सकाळची एस्प्रेसो आणि सुट्टीच्या दुपारची व्ही६०, म्हणजे शंकूतल्या कागदी फिल्टरमधून गाळलेली कॉफी, या दोन्हींना एकच ग्राइंडर पुरेल का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो: विजेचा ग्राइंडर एस्प्रेसोसाठी घे आणि त्याची दळणाच्या जाडीची जुळवणी हलवू नकोस, फिल्टरसाठी हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर वेगळा ठेव.

असे का म्हणतो, ते नीट सांगायला हवे. एस्प्रेसोत सुमारे १८ ग्रॅम कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून ९ बार दाबाने पाणी जाते आणि २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी कपात यावी लागते. ही वेळ मुख्यतः दळणाच्या जाडीवर ठरते. दळण जरासे जाड झाले की कॉफी धावत येते आणि आंबट, पातळ लागते. जरासे बारीक झाले की थेंबथेंब गळते आणि कडवट होते. व्ही६०मध्ये पाणी आपल्याच वजनाने तीनेक मिनिटे झिरपत असते, त्यामुळे तेथे एवढ्याशा फरकाने फारसे बिघडत नाही. तेथे त्रास होतो तो अतिबारीक भुकटीचा, कारण ती कागदाची छिद्रे बुजवते आणि पाणी अडवून धरते. म्हणजे एका कामाला अगदी सूक्ष्म जुळवणी लागते, तर दुसऱ्याला जाड पण स्वच्छ दळण.

मिक्सरच्या भांड्यात किंवा पाते फिरणाऱ्या स्वस्त यंत्रात यातले काहीच मिळत नाही, हे तुला ठाऊक आहेच. ‘बर’ असलेला ग्राइंडर जात्याच्या तत्त्वावर चालतो: दोन दातेरी पोलादी भागांमध्ये जेवढे अंतर ठेवावे, त्या बेताने दाणा फुटून बाहेर पडतो. पात्याला असे अंतर नसते, म्हणून त्याच भांड्यात पीठही सापडते आणि भरडही.

मी स्वतः चार वर्षे एकाच विजेच्या ग्राइंडरवर दोन्ही कामे केली. रविवारी फिल्टरसाठी चकती बरीच उलटी फिरवायची आणि सोमवारी पुन्हा एस्प्रेसोच्या खुणेवर आणायची, असा क्रम होता. खूण तीच असली तरी चव तीच येत नसे, कारण दळणाच्या नळीत दोन-तीन ग्रॅम जुनी जाड कॉफी अडकून राहायची आणि नव्या दळणात मिसळायची. सोमवारचे पहिले एक-दोन कप ओतून द्यावे लागत. चिकमगळूरच्या मळ्यात एवढ्या निगुतीने वाढवलेले आणि भाजलेले दाणे दर आठवड्याला मोरीत जावेत, हे मला सहन होईना.

आता तू पत्रात दिलेल्या ग्राइंडरांच्या यादीकडे वळतो. बाराट्झाच्या एन्कोर ईएसपीला जाडी जुळवण्याच्या एकूण ४० पायऱ्या आहेत. पहिल्या २० एस्प्रेसोसाठी जवळजवळ आणि पुढच्या २० फिल्टरसाठी लांबलांब ठेवल्या आहेत. एकच यंत्र घ्यायचे तू ठरवलेच असशील, तर ही रचना प्रामाणिक आहे. फ्लॉरेन्सच्या युरेका कंपनीचे मिन्योन ग्राइंडर पायऱ्यांशिवाय जुळवता येतात, म्हणून एस्प्रेसोला ते मला अधिक आवडतात. पण फिल्टरपर्यंत जाऊन परत येणे त्यांत कंटाळवाणे होते. नीश झीरोचा ६३ मिलिमीटरचा शंकूच्या आकाराचा बर दोन्ही कामे बऱ्यापैकी करतो आणि त्यात कॉफी फारशी अडकत नाही, परंतु तुझ्या हिशेबात तो बसणार नाही.

हाताच्या ग्राइंडरांमध्ये जुळवणीची चकती फिरवताना प्रत्येक टिचकीला बर किती सरकतो, ते पाहा. कमांडांटे सी४०मध्ये तो सुमारे ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. फिल्टरला ते उत्तम, पण एस्प्रेसोला ठोकळ पडते. वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्रामध्ये ८ मायक्रॉन सरकतो, म्हणून तो एस्प्रेसोलाही चालतो. मात्र हलक्या भाजणीचे १८ ग्रॅम दाणे रोज पहाटे हाताने दळणे तुझ्या दुखऱ्या मनगटाला सोसवणार नाही. तुझ्या फिल्टरला टाइममोरचा साधा सी२देखील पुरेल. वहिनींच्या पितळी फिल्टरची चिकोरी घातलेली पूड मात्र माटुंग्याहूनच दळून आणत जा. घरच्या ग्राइंडरात चिकोरी घालू नकोस.

आपल्या शहराच्या म्हणून काही गोष्टी आहेत. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजल्याशिवाय ग्राइंडर मागवू नकोस. वरून दाणे ओतायला हात जाईल एवढी जागा लागते. पावसाळ्यात वरच्या भांड्यात दाणे भरून ठेवू नकोस. ते ओल धरतात आणि कालची जुळवणी आज चुकते, म्हणून लागतील तेवढेच १८ ग्रॅम मोजून घाल आणि उरलेले हवाबंद डब्यात ठेव. हवा कोरडी असेल तेव्हा, विशेषतः गडद भाजणीचे दाणे दळताना, स्थिर विजेमुळे पूड नळीला आणि ओट्यावर चिकटते. दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून ते ढवळले की हे थांबते. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन हेच तपासले. राखेतही कण घासून आणि फुटून वीज साचते, हा धागा मला फार विलक्षण वाटला.

सुनीताताई दिवाळीला न्यू जर्सीहून येताना ग्राइंडर आणणार आहेत, असे तू लिहिले आहेस. त्यांना आधी यंत्राच्या तळाची पट्टी वाचायला सांग. तिकडची यंत्रे १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. नुसती पिन बदलून लावले तर मोटर जळते. माझ्या मेहुण्यांनी हौसेने आणलेले यंत्र असेच पहिल्याच सकाळी गेले, आणि त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

पैसे भरण्यापूर्वी येत्या रविवारी इकडे ये. तुझे दाणे आण, भाजून आठवडा-दहा दिवस झालेले असावेत. माझ्याकडे आता दोन्ही ग्राइंडर आहेत; एकाच पाकिटातले दाणे दोन्हींवर दळू आणि एस्प्रेसो व व्ही६० शेजारी ठेवून चाखू. आईनेही तुझी आठवण काढली आहे.

तुझा,
श्रीकांत