दिवा चालू, तरी ‘होस्ट इज डाउन’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या सुधारणा मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ‘जुना संगणक भंगारात घालू नका, त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाका’ हा सल्ला तेव्हापासून जो तो देतोय. मी तो ऐकला आणि पस्तावले नाही. पण त्यापुढे घरात काय अडतं, ते कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

जुळे सोलापुरात राहत्या घरीच माझं शाळांच्या गणवेशांचं काम आहे. खाली चार मशिनी, वर आम्ही. मापांच्या याद्या, कटिंगचे लेआउट, बिलं, सगळं राउटरला मागून खोचलेल्या एका हार्डडिस्कवर. खालून मी आणि वरून लेक, दोघी तोच फोल्डर उघडायचो. दोन्ही संगणकांवर लिनक्सचा ‘मिंट’ हा प्रकार अर्ध्या दिवसात बसला. प्रिंटर तर न विचारता सुरू झाला. फोल्डर मात्र उघडेना. कारण काय, तर ‘होस्ट इज डाउन’, म्हणजे समोरचं यंत्र बंद आहे. अहो, डिस्कचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता!

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एका ओळीत ‘व्हर्स १.०’ एवढं लिहिलं, फोल्डर उघडला, तो पैसे घेऊन गेला. मी खूश. लेकीने मात्र ते काय आहे ते शोधून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ओळ पुसून टाकली.

तिने मला सांगितलं ते असं. विंडोजवाले संगणक फोल्डर एकमेकांना देतात-घेतात ती बोली एसएमबी. लिनक्सवर तीच बोली बोलणारा ‘सांबा’ हा प्रोग्रॅम अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास लिहायला घेतला. आमच्या राउटरला या बोलीची फक्त पहिली आवृत्ती येत होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फायली ओलीस धरल्या, त्या विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या भगदाडातून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवायच्या विंडोज १० मधून ती वगळली आणि २०१९ पासून सांबानेही ती मुळात बंद ठेवली. आमच्या जुन्या विंडोजमध्ये ती कुणीतरी चालू करून ठेवलेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. ‘व्हर्स १.०’ म्हणजे तीच पहिली आवृत्ती वापरायची आज्ञा. म्हणजे दुरुस्तीवाल्याने कुलूप उघडलं नव्हतं, कडी-कोयंडाच उपटला होता.

मग डिस्क राउटरची काढून खालच्या संगणकाला लावली आणि तिथे सांबा बसवला. पुढचे दोन दिवस पासवर्डने खाल्ले. लिनक्स उघडायचा पासवर्ड सांबा मानतच नाही, त्याला ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने वेगळा द्यावा लागतो. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर माझ्या हातून एका शाळेच्या चड्ड्यांचं कटिंग रखडलं नसतं.

वरच्या संगणकावर ‘एफएसटॅब’ नावाच्या फायलीत फोल्डरची ओळ लिहिली, की तो आपोआप जोडला जातो. आमच्या फोल्डरचं नाव ‘गणवेश मापे’. मराठी अक्षरं नडली नाहीत, नडली ती दोन शब्दांमधली मोकळी जागा. तिथे उलटी तिरपी रेघ देऊन ०४० लिहावं लागतं. (हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार.) आणि आपल्याकडे लाइट जाते! खालचा संगणक बंद पडला, की वरचा सुरू होताना त्याची दीड मिनिट वाट बघत अडून बसायचा. ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातल्यावर तो मुकाट सुरू होऊ लागला. पासवर्ड त्या ओळीत लिहू नये, ती फाइल घरातलं कुणीही वाचू शकतं. तो वेगळ्या, कुलूपबंद फायलीत ठेवावा.

माझी विनंती एवढीच, की आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर दर आठवड्याला नव्या मोबाइलच्या किमती येतात, त्यातला अर्धा रकाना एकदा या विषयाला द्यावा. जूनच्या आत दिलात तर बरं, त्यानंतर आम्हा गणवेशवाल्यांना पेपर उघडायलाही सवड नसते. आमच्या दोन्ही संगणकांवरच्या ओळी मी मराठी खुणांसह एका कागदावर उतरवून ठेवल्या आहेत. सांगाल त्या दिवशी कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर