कार्यालयीन नोकऱ्याही जिल्ह्यांत न्या

संपादक महोदय,

प्रादेशिक अनुशेषाची, म्हणजे मागास भागांच्या विकासात राहिलेल्या तुटीची, चर्चा निघाली की सिंचन आणि रस्त्यांपुढे सरकत नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो मोजला, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला, विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागांसाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आमच्यासारखे लोक मात्र नोकरीपायी परभणी सोडून बदलापूरला आले. इथून सुटणाऱ्या लोकलमध्येही बसायला मिळत नाही. मुंबईच्या वाटेवर पुढे असलेल्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या बायका जागा मिळावी म्हणून आधीच उलट्या दिशेने बसून आलेल्या असतात. त्यांचा तरी काय दोष? माझं काम संगणकावर बिलं तपासण्याचं. ते परभणीत बसूनही होईल. आई तिथे एकटी आहे, तिला दवाखान्यात शेजारी नेतात, याचा फार त्रास होतो.

मागास तालुक्यांतल्या उद्योगांना सरकार जादा सवलती देतं, हे योग्यच. पण कार्यालयीन कामासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी भरवशाची वीज, इंटरनेट आणि भाड्याने टेबल मिळेल अशी जागा एमआयडीसीने उभारावी. मुंबई-पुण्याच्या ज्या कंपन्या तिथे माणसं नेमतील, त्यांना पगाराच्या प्रमाणात सवलत द्यावी. सुरुवात मराठवाड्यापासून व्हावी.

– एक लोकल प्रवासी, बदलापूर