'कीड आहे' एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

शाळेतल्या दंत तपासणीनंतर मुलाच्या कार्डावर बहुतेक वेळा 'कीड आहे, दाखवून घ्या' एवढाच शेरा असतो. कीड कुठल्या टप्प्यावर आहे ते कुणी लिहीत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतो.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा असेल, तर खड्डा अजून पडलेला नाही. एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या टणक बाह्य थरातली, खनिजे निघू लागली आहेत, ती परत बसवता येतात. तिथे ड्रिलचे काय काम? दात पुसून, कोरडा करून 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश पातळ लावावे, दर तीन ते सहा महिन्यांनी. मात्र दिवसभर बिस्किटे आणि पॅकमधला ज्यूस चालूच राहिला, तर वार्निश बिचारे काय करणार!

दुधाच्या दाढेत खड्डा आहे, पण रात्री ठणका नाही, हिरडीवर पुळी नाही, अशा वेळी 38 टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे, चांदी असलेले औषध वापरता येते. ओठांना व्हॅसलीन, गालाशी कापूस, दात कोरडा; मग बारीक ब्रशने औषध लावून मिनिटभर थांबायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा. चांदीची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र नाही. 2021 पासून हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. यात किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधी सांगितले नाही, तर 'दात बिघडवला' म्हणून पालक भांडायला येतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. काळा झालेला भाग टणक लागला तर कीड थांबली. मऊ लागला तर नाही.

कायमच्या दाढेतली कीड खोल असली, तरी नस जिवंत असताना ती तळापर्यंत खरवडू नये. कडा टणक लागेपर्यंत साफ कराव्यात, नसेजवळचा मऊ थर राहू द्यावा आणि वर घट्ट भराव करावा. सगळे काढण्याच्या नादात नस उघडी पडते; मग रूट कॅनाल, मग कॅप, असा खर्च वाढत जातो. अर्थात कडेने भराव गळका राहिला, तर खालची कीड पुन्हा जोर धरते.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. पुष्कळ पालक ती दुधाचीच समजून सोडून देतात. तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ लेप, भरण्याआधी 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून, धुवून, सुकवतात. त्यानंतर लाळ लागली तर सीलंट धरत नाही. शिबिरात लाळ ओढून घेणारे सक्शन नसते, त्यामुळे नेमके इथेच बिघडते. अर्धवट उगवलेल्या दाढेला ग्लास आयोनोमर हा दुसरा भराव बरा; त्याला थोडा ओलावा चालतो.

तेव्हा कार्डावर दाताचा क्रमांक, डाग की खड्डा, दुखते की नाही आणि सहाव्या वर्षीची दाढ आली की नाही, एवढे तरी लिहावे. नायर दंत महाविद्यालय महापालिकेचेच आहे; पालिका शाळांतल्या मुलांना असे भरलेले कार्ड देऊन तिथे पाठवले, तर तिथल्या डॉक्टरांनाही शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

— एक दंतवैद्य, दादर, मुंबई