साहेब रिटायर झाले की चौकशी पण रिटायर? गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारात पोलिसाविरुद्ध तक्रार केली की ती फिरून त्याच पोलीस स्टेशनला येते. एसपी ऑफिसला अर्ज द्या, तिथून तो डीवायएसपींकडे, ते पीआयकडे पाठवतात, आणि ज्याची तक्रार केली तो समोर बसलेला असताना जबाब लिहून घेतात. रावेरचा केळीवाला असो, ज्याला व्यापाऱ्याने बुडवलं आणि स्टेशनला एफआयआर घेत नाहीत, नाहीतर धडगावकडचा आदिवासी पोरगा ज्याने लॉकअपमध्ये मार खाल्ला, तो तिथे काय बोलणार?

सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ लाच सांगितलंय की जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण करा, रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष ठेवा. ती केस लढणारे प्रकाश सिंग स्वतः रिटायर्ड डीजीपी, त्यामुळे ही मागणी पोलिसांच्या दुश्मनांची आहे असं कोणी म्हणू नये. आपल्या राज्याने २०१४ ला कायद्यात दुरुस्ती केली पण जिल्हा सोडून विभाग धरला, म्हणजे आमच्यासाठी नाशिक. धडगावच्या माणसाने मजुरी बुडवून नाशिकला किती खेपा घालायच्या?

आणि यापेक्षा मोठी गोष्ट रिटायरमेंटची आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या पेन्शन नियमांतला नियम २७ बघा. अधिकारी रिटायर झाल्यावर नवीन विभागीय चौकशी लावायची तर सरकारची मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असेल तर चौकशी लावताच येत नाही. ही चार वर्षं मोजतात ती दोषारोपपत्र दिलं त्या तारखेपर्यंत, माणसाने अर्ज कधी दिला ते कोणी बघत नाही! मग प्राथमिक चौकशी, अहवाल, त्रुटी काढून फाईल परत, नवीन साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून, असं करत चार वर्षं उलटतात, तोवर ५८ पूर्ण होऊन साहेब घरी. तक्रारदार वेळेत आला होता, उशीर तुमच्या ऑफिसने केला, आणि फायदा मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याला.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, चौकशी आयोग नेमला गेला. दोषी कोण हे मी ठरवणारा कोणी नाही, पण तेव्हा पन्नाशीत असलेला प्रत्येक अधिकारी आज पेन्शनवर आहे, आता त्यांना विचारायचं कोणी?

म्हणून साहेब, चार वर्षं तक्रारीच्या तारखेला थांबली पाहिजेत. प्राधिकरणाने धुळे, जळगाव, नंदुरबारला येऊन सुनावणी घ्यावी, तपासाला त्या जिल्ह्यातले चालू नोकरीतले पोलीस नकोत. आणि तक्रार आली त्याच दिवशी स्टेशनचं सीसीटीव्ही फुटेज सील करा, कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये ते १८ महिने ठेवायला सांगितलंय, पण प्राथमिक चौकशीच त्याच्यापेक्षा जास्त चालते. प्रामाणिक पोलिसाला यात काही भीती नाही, उलट खोट्या तक्रारीतून तो लवकर सुटेल.

नियम २७ बदलायला विधानसभा लागत नाही, अधिसूचना पुरते. ती कधी काढताय तेवढं कळवा.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक शेतकरी