‘मला एक बाळबोध प्रश्न आहे’ असे लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

इंटर्नशिपच्या शेवटच्या संध्याकाळी मी तुम्हाला आभाराचा निरोप लिहायला बसले होते. दोन परिच्छेद झाले होते, तिसरा कसा सुरू करावा याचा विचार चालला होता, आणि तेवढ्यात ठरलेली वेळ होऊन माझा प्रवेश बंद झाला. लिहिलेला मजकूर गेला, चॅट गेले आणि तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा माझ्याकडचा एकमेव मार्गही गेला. बँकेचा नियम म्हणजे नियम, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अर्धवट राहिलेले आभार मनात टोचत राहतात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमचे आणि बँकेचे नाव लिहिलेले तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा ते घेत नाही. शीर्षक वाचल्यावर तुम्ही स्वतःला ओळखालच.

एका मोठ्या बँकेच्या तंत्रज्ञान विभागात मी दहा आठवडे काम केले आणि त्या बँकेच्या इमारतीची पायरी एकदाही चढले नाही. लॅपटॉप घरी आला, त्याचे यूएसबी पोर्ट बंद केलेले होते. त्यातून जो संगणक उघडायचा तो प्रत्यक्षात दूरच्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये होता, आणि जरा हात थांबला की पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवरचा कोड. पहिला आठवडा परवानग्यांची वाट पाहण्यात सरला. लोकांचे पैसे जिथे ठेवलेले असतात तिथली दारे जड असणारच, हे मला लवकर पटले. अवघड गेले ते वेगळेच. कार्यालयात शेजारचा माणूस डोके खाजवताना दिसतो, वैतागून चहाला उठताना दिसतो, आणि मग आपले अडणे आपल्याला फारसे विशेष वाटत नाही. घरून काम करताना इतरांचे दिसते ते फक्त पूर्ण झालेले काम. साठ जणांचा आपला गट मला पहिल्या महिन्यात तसाच दिसला: साठ माणसे, कधीही न अडणारी, आणि त्यांच्यात मी एकटी ढ.

यात थोडा वाटा आधीच्या अनुभवाचाही होता. त्याआधी मी आणखी एका ठिकाणी तीन महिने इंटर्न होते. तिथल्या मार्गदर्शकांनी मला जे लेखी मार्गदर्शन केले ते जवळजवळ सगळे अंगठ्याच्या चित्रात मावले. एकदा धीर करून मी गटात एक शंका विचारली, तेव्हा कुणीतरी लिहिले, “हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात.” त्याखाली चार हसरे चेहरे उमटले आणि त्यांतला एक माझ्या मार्गदर्शकांचाच होता. प्रत्यक्ष बोलताना ते गृहस्थ अतिशय गोड बोलत, हेही न्यायाने सांगायला हवे. त्या दिवसानंतर मी कोणताही प्रश्न विचारण्याआधी तो मनातल्या मनात इतका घासूनपुसून घेऊ लागले की शेवटी तो विचारायचा राहूनच जाई.

म्हणूनच पाचव्या आठवड्यात, दोन प्रणालींमधल्या रकमांचा मेळ बसेना तेव्हा, मी दोन दिवस गप्प बसले. जुनी प्रणाली मेनफ्रेमवरची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरची, कोबोल या संगणकभाषेत लिहिलेली. १९५९ साली जिची आखणी सुरू झाली त्या भाषेवर आमच्या वर्गात विनोद होत असत, आणि इथे रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत, तीच भाषा निमूटपणे हिशेब जुळवत होती. माझ्याकडे नव्या सेवेच्या कोडचा, पायथन या भाषेतला छोटा तुकडा होता. सुरुवातीला मी रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे द्विमान पद्धतीत साठवल्या जाणाऱ्या अपूर्णांकांत, घेतल्या होत्या; ०.१ हा साधा दिसणारा आकडाही संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही, हे लक्षात आल्यावर मी दशमान पद्धतीनेच हिशेब ठेवणारे डेसिमल वापरले आणि बरेच फरक मिटले. तरीही चाचणीच्या काही नोंदींत दशांशानंतरच्या दुसऱ्या स्थानी एकाचा फरक उरतच होता. सगळ्याच नोंदी चुकल्या असत्या तर कारण शोधणे सोपे गेले असते. येथे शेजारशेजारच्या दोन नोंदींपैकी एक जुळत होती आणि दुसरी जुळत नव्हती. सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे गटाच्या रोजच्या छोट्या बैठकीत, मी दोन्ही दिवस “काम चालू आहे” एवढेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी स्टँडअप संपल्यावर तुम्ही मला थांबायला सांगितलेत, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही फक्त स्क्रीन दाखवायला सांगितली. पंधरावीस मिनिटे तुम्ही माझ्याबरोबर त्या नोंदी पाहिल्या आणि मग सरळ म्हणालात, “मलाही नाही कळत आहे गं. आपण विचारू या.” तुम्ही स्वतःची स्क्रीन माझ्यासमोर उघडलीत, संपूर्ण गटाचे चॅट काढलेत आणि लिहायला लागलात: “आपल्या इंटर्नला एक”. तेथे तुम्ही थांबलात. मग तो कर्सर एकेक अक्षर खात मागे जाताना मी पाहिला. रिकाम्या जागी तुम्ही नव्याने लिहिलेत, “मला एक बाळबोध प्रश्न आहे,” आणि त्याखाली माझी अडचण तुमच्या नावाने मांडलीत.

तुम्ही त्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीत आणि मीही काही पाहिले असे दाखवले नाही. पण मॅडम, दहा आठवड्यांत तुम्ही मला जे काही शिकवलेत त्या सगळ्याच्या वर मी ते खोडलेले अर्धे वाक्य ठेवते.

उत्तर थोड्याच वेळात आले. मेनफ्रेमवर वर्षानुवर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजावले की, कोबोलमध्ये पूर्णांकन करताना नेमका मधोमध येणारा आकडा नेहमीच्या रीतीने शून्यापासून दूर नेला जातो, तर पायथनचे डेसिमल, वेगळे काही सांगितले नाही तर, जवळच्या सम अंकाकडे वळते. म्हणून २.३४५ चे एकीकडे २.३५ होते आणि दुसरीकडे २.३४, पण २.३५५ चे मात्र दोन्हीकडे २.३६ च होते. शेजारशेजारच्या दोन नोंदींचे कोडे ते इतकेच होते, आणि दुरुस्ती एका ओळीची. त्या उत्तराखाली त्या सहकाऱ्यांनी असेही लिहिले की, याच गोष्टीने पूर्वी त्यांचाही एक आठवडा खाल्ला होता. आणखी दोघांनी “हे मला ठाऊक नव्हते” असे कळवले. हसरा चेहरा एकही नव्हता. साठ हुशार माणसांच्या त्या भिंतीला त्या दुपारी पहिल्यांदा खिडकी पडली.

बँकेत मेकर-चेकरची शिस्त आहे. एकाने केलेले दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि माझ्या कोडच्या प्रत्येक बदलावर तुमची संमती लागत असे. ती सक्तीची होती. दुसऱ्याच्या अज्ञानाखाली आपले नाव घालण्याची सक्ती मात्र कोणत्याही नियमात नाही. ज्या गटात लोक तुमच्याकडे उत्तरे मागायला येतात, तिथे तुम्ही स्वतःला बाळबोध म्हणवून घेतलेत, आणि तेही अशा मुलीसाठी जी पाच आठवड्यांनी निघून जाणार होती. आपण सौजन्य म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मृदू बोलणेच आपल्या मनात असते. माझ्या आधीच्या मार्गदर्शकांकडे ते भरपूर होते. कुणाच्या लक्षातही येणार नाही असे वाटत असताना लिहिलेले वाक्य खोडून दुसऱ्याची लाज झाकणे ही त्याहून फार वरची पायरी आहे, आणि ती चढणारी माणसे स्वतःला सज्जन समजत असतील असे मला वाटत नाही. तुम्ही तर बहुधा तो प्रसंग विसरूनही गेला असाल.

पुढच्या आठवड्यात मी गटात माझ्या नावाने तीन प्रश्न विचारले. पहिला पाठवताना एंटरवर बोट बराच वेळ अडून होते. तिसरा तर खरोखरच मूर्खपणाचा होता, उत्तर माझ्याच स्क्रीनवर लिहिलेले होते; पण कुणीतरी ते शांतपणे दाखवून दिले आणि कामे पुढे चालू झाली. पुढे नोकरीचे काय झाले ते येथे सांगत नाही. या पत्राचा तो विषय नव्हे.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली आहे. त्या दुपारी उत्तर मिळाल्यावर तुम्ही सहज विचारले होते, “ऋण रकमांचे काय होत असेल गं?” मी “पाहते” म्हणाले आणि नंतर इतर कामांत ते मागे पडले. आता माझ्या संगणकावर पाहिले. कोबोलच्या त्या रीतीने -२.३४५ चे -२.३५ होते, पायथन स्वतःहून -२.३४ करते, म्हणजे परताव्याच्या नोंदींतही तोच फरक आला असता. आपण दुरुस्तीत निवडलेल्या पूर्णांकनाच्या रीतीच्या ‘हाफ अप’ (मधोमधचा आकडा वर) या नावावरून तो आकडा वर, म्हणजे धन बाजूला जाईल अशी मला धास्ती होती. पण पायथनच्या डेसिमलमध्ये तोही शून्यापासून दूरच जातो. तेव्हा आपली ती एक ओळ ऋण रकमांनाही बरोबर आहे.

तुमची कृतज्ञ,
त्या बाळबोध प्रश्नाची खरी मालकीण