खिवा : अडीच हजार वर्षांचे गाव, पण दोनशे वर्षांचे शहर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील उझबेकिस्तानच्या प्रवासावरील लेख आवडीने वाचला. मात्र त्यातील खिवा शहराचे वर्णन आणि सोबतच्या छायाचित्राखालील ओळ यांमुळे वाचकांची मोठीच दिशाभूल होते, म्हणून हे पत्र. निळ्या-हिरव्या फरश्यांनी मढवलेल्या त्या जाडजूड, अर्धवट मनोऱ्याखाली ‘तैमूरकालीन मिनार’ असे छापले आहे. तो मनोरा म्हणजे ‘कल्ता मिनार’. कल्ता म्हणजे आखूड. मुहम्मद अमीन खान या राज्यकर्त्याने तो आपल्या नव्या मदरशाशेजारी १८५० नंतर बांधायला घेतला आणि १८५५ मध्ये सरख्सजवळ तुर्कमेनांशी लढताना तो मारला गेल्यावर काम थांबले, ते कायमचेच. त्याला तेथून थेट बुखारा दिसेल इतका उंच मनोरा हवा होता, अशी दंतकथा आहे. तैमूर त्यापूर्वी साडेचारशे वर्षे मरण पावला होता. शिवाय त्याचे या प्रदेशाशी नाते बांधणाऱ्याचे नव्हे, तर उद्ध्वस्त करणाऱ्याचे आहे : १३८८ मध्ये त्याने ख्वारज्मची, म्हणजे खिवा ज्यात येते त्या प्रदेशाची, राजधानी उर्गेंच जमीनदोस्त केली आणि तेथे जवाची पेरणी करविली.

‘हजारो वर्षे जसेच्या तसे राहिलेले शहर’ हे लेखातील वाक्य याच गैरसमजातून आले असावे. खिव्याची वस्ती फार जुनी आहे, यात वाद नाही. उझबेकिस्तानने १९९७ मध्ये तिचा अडीच हजारावा वर्धापन साजरा केला. पण प्रवाशाला आज दिसणारे शहर मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले आहे. जुम्मा मशिदीत दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब आहेत. त्यांतील काही दहाव्या-अकराव्या शतकातील असून जुन्या इमारतींतून आणलेले आहेत, मात्र मशिदीची आजची वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरची. दगडी बैठकीवर उभा असलेला, बुंध्याशी निमुळता होत गेलेला, पानाफुलांची नक्षी झिजून बोथट झालेला एखादा खांब आणि त्याच्याच शेजारचा तुलनेने साधा खांब यांच्या वयात सात-आठशे वर्षांचे अंतर असू शकते. ताश-होवली हा राजवाडा १८३० च्या दशकातील, आणि शहराच्या आकाशरेषेवर सर्वांत उंच दिसणारा इस्लाम खोजा मिनार तर १९१० मध्ये पुरा झाला. ज्या पश्चिमेकडील आता-दरवाजातून बहुतेक प्रवासी आत शिरतात, तो सोव्हिएत राजवटीच्या सुरुवातीला पाडून टाकलेला आणि १९७० च्या दशकात पुन्हा उभारलेला आहे. यामुळे शहराचे मोल कमी होत नाही. उलट, ते कोणी, कधी आणि कशाच्या बळावर बांधले हे विचारता येते, आणि लेखात नेमके तेच राहून गेले आहे.

खिव्याचे खानराज्य १५११ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलने उझबेक राज्यकर्ता शैबानी खान याचा पराभव करून ख्वारज्म घेतले होते. तेथील लोकांनी इल्बार्स या दुसऱ्या घराण्यातील उझबेक सरदाराला बोलावून इराणी अंमल उलथवला. राजधानी मात्र लगेच खिव्याला आली नाही. अमू दर्या नदीचा जुन्या उर्गेंचकडे जाणारा फाटा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटला, शेते ओस पडू लागली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी दरबार खिव्यात हलला. थोडक्यात, या शहराचे भाग्य नदीने पात्र बदलल्यामुळे उजळले. वाळवंटाच्या या मुलखात राज्य म्हणजे कालवे, हे ज्याला कळले त्यालाच येथला इतिहास कळतो. खानराज्याचा दरबारी इतिहास लिहिणारा मुनिस आणि तो पुढे पुरा करणारा त्याचा पुतण्या आगाही हे दोघेही उत्तम कवी होते आणि दोघेही ‘मीराब’ होते, म्हणजे कालव्यांच्या पाण्यावर देखरेख करणारे अधिकारी. पाण्याचा आणि राजवंशाचा हिशेब एकाच घरात ठेवला जात होता.

दिल्ली लुटून परतलेला नादिरशहा १७४० मध्ये खिव्यावर चालून गेला आणि तेथल्या खानाला त्याने ठार केले, हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. त्यानंतरची काही दशके अंदाधुंदीची गेली. चंगीझखानाच्या कुळातील कोणाला तरी नावापुरते गादीवर बसवायचे आणि सारा कारभार कुंग्रात जमातीच्या ‘इनाक’ सरदारांनी पाहायचा, अशी रीत पडली. सातारची गादी आणि पुण्याचा कारभार ही जोडी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की, १८०४ मध्ये एल्तुजर इनाकाने तो पडदाही दूर सारला आणि स्वतःच खान झाला. आज दिसणारे खिवा या कुंग्रात घराण्याचे आहे. शहराचा संरक्षक संत मानला जाणारा, १३२६ मध्ये वारलेला मल्ल आणि कवी पहलवान महमूद याच्या कबरीवर याच घराण्याने घुमट चढवला आणि आपल्या खानांचे दफनही तेथेच केले.

तटबंदीविषयी लेखात फक्त ‘भव्य’ हा एक शब्द आहे. इचान-काला, म्हणजे आतला कोट, सुमारे सव्वादोन किलोमीटर परिघाचा असून त्याच्या भिंती आठ ते दहा मीटर उंच आहेत. त्या दगडाच्या नाहीत; कच्च्या विटा आणि मातीच्या आहेत, पायथ्याशी रुंद आणि वर निमुळत्या. काही ठिकाणी तटाच्या उतारावरच कबरी रचलेल्या दिसतात. बाहेरचा मोठा कोट दिशान-काला अल्लाकुली खानाने १८४२ मध्ये बांधला; त्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत.

सर्वांत खटकली ती लेखातील पूर्वेकडील पहलवान-दरवाजाविषयीची ओळ. लेखिकेला तेथे ‘जुन्या बाजाराचा सुगंध’ जाणवला. तो बाजार गुलामांचा होता. तुर्कमेन टोळ्या खोरासानातून इराणी शेतकऱ्यांना आणि कॅस्पियनच्या किनाऱ्यावरून रशियन कोळ्यांना पकडून आणत आणि येथे विकत. शेतांतून, कालव्यांवर आणि घरोघरी हे गुलाम राबत. याच निमित्ताने रशियाच्या पेरोव्स्की सेनापतीने १८३९ च्या हिवाळ्यात सुमारे पाच हजार सैनिक घेऊन ओरेनबर्गहून कूच केले, आणि बर्फात उंट व माणसे गमावून खिव्याचे तोंडही न पाहता तो परतला. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारचा शेक्सपियर नावाचा एक तरुण अधिकारी हेरातहून खिव्यास गेला, खानाला राजी करून त्याने ४१६ रशियन बंदी सोडवून घेतले आणि त्यांना रशियाच्या हद्दीत पोहोचवले. रशियाला स्वारीचे निमित्तच उरू नये, हा त्यामागचा हिशेब. इराणी गुलाम मात्र तेथेच राहिले. त्यांची सुटका व्हायला १८७३ उजाडले : जनरल काउफमनने खिवा घेतले, गुलामगिरी रद्द करविली, अमू दर्याचा उजवा काठ रशियाला जोडला आणि खानावर २२ लाख रूबल युद्धखर्च लादला. त्याच उन्हाळ्यात याच सैन्याने योमुद तुर्कमेनांची गावे जाळून कत्तल केली, हेही नोंदवायला हवे. मुक्तिदात्याची भूमिका त्यांना शोभत नाही.

त्यानंतर खान राहिले ते रशियाच्या छत्राखाली. १९२० मध्ये शेवटचा खान पायउतार झाला, ख्वारज्मचे सोव्हिएत लोकगणराज्य आले आणि १९२४-२५ मध्ये तेही मोडून त्याचा मुलूख नव्या प्रजासत्ताकांत वाटला गेला. इचान-काला १९९० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. उझबेकिस्तानातील तो असा पहिला वारसा.

पुरवणीत जागेची अडचण असते, हे मी समजू शकतो. निदान छायाचित्राखालची ओळ पुढील अंकात दुरुस्त करावी आणि पहलवान-दरवाजाच्या बाजाराविषयी दोन वाक्यांचा खुलासा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक